मुठीवरचा शिक्का

जुन्या लष्करी रिव्हॉल्व्हरचा जाणता संग्राहक हत्यार हाती आल्यावर आधी घोडा ओढून बघत नाही. तो मूठ उजेडाकडे तिरपी धरतो. अक्रोडाच्या लाकडावर एका छोट्या चौकटीत वळणदार अक्षरे दाबलेली असतात. कधी स्पष्ट, कधी नुसती सावली उरलेली. ती सरकारी तपासनिसाची आद्याक्षरे. कारखान्यात बसून त्याने ते हत्यार तपासले, पास केले आणि सैन्यासाठी ताब्यात घेतले, याची ती सही. अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या कोल्टवर किंवा रेमिंग्टनवर ही सही शाबूत असेल, तर तिच्या कडा किती उरल्या आहेत यावरून पुढच्या दीडशे वर्षांचा अंदाज येतो. लाकूड कोणी घासले का, मूठ बदलली का, हौसेने वॉर्निश चढवले का, हे सगळे तिथे कळते.

ही हत्यारे साधारण १८३६ ते १८७३ या चार दशकांतली. त्याआधी फिरत्या सिलिंडरची पिस्तुले म्हणजे श्रीमंतांचे कौतुक होते, आणि त्यानंतर धातूच्या काडतुसाने जुनी रीत मोडीत काढली. मधल्या काळात रिव्हॉल्व्हर चालत ते सुटी दारू, शिशाची गोळी आणि तांब्याची टोपी यांच्यावर. पर्कशन रिव्हॉल्व्हर या नावाने संग्राहक त्यांना ओळखतात. माझ्या मते शस्त्रांच्या इतिहासात इतक्या थोड्या वर्षांत इतकी माणसे, इतके कारखाने आणि इतकी युद्धे एका लहानशा यंत्रात क्वचितच गुंतलेली सापडतील.

कोकणात शेताच्या राखणीसाठी परवान्यावर ठेवलेली ठासणीची बंदूक ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या यंत्राचे मर्म वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. घोडा टोपीवर आपटतो, टोपीतले द्रव्य पेटते, ठिणगी बारीक भोकातून दारूपर्यंत जाते. ही युक्ती एका पाद्र्याची. स्कॉटलंडमधल्या बेलहेल्वीचा अलेक्झांडर फोर्सिथ हा पाणपाखरांच्या शिकारीचा शौकीन होता. गारेच्या बंदुकीत आधी तिच्या कानाशी, म्हणजे बत्तीच्या भोकाशी, भपकारा होई आणि मग बार उडे. तेवढ्या वेळात पाखरे सावध होत. फोर्सिथने आघाताने पेटणारी द्रव्ये वापरून पाहिली आणि १८०७ मध्ये पेटंट घेतले. १८२०च्या दशकात ती द्रव्ये चिमुकल्या तांब्याच्या टोपीत बसू लागली. टोपी आली नसती तर रिव्हॉल्व्हर आले नसते. गारेच्या यंत्राला फिरत्या सिलिंडरशी जुळवण्याचे प्रयत्न त्याआधी झाले होते, पण प्रत्येक बारासाठी कानात वेगळी दारू घालावी लागणारे हत्यार लढाईत कितपत भरवशाचे असणार?

भरण्याची रीत सावकाश होती. घोडा अर्धा ओढला की सिलिंडर मोकळा फिरतो. प्रत्येक घरात दारू ओतायची, वर घराच्या तोंडापेक्षा किंचित मोठी गोळी ठेवायची आणि नळीखालची तरफ खेचून ती आत दाबायची. नीट दाबली गेली की शिशाची एक बारीक कडी सोलून बाहेर पडते. गोळी घट्ट बसल्याची तीच खूण. मग मागच्या प्रत्येक निपलवर, म्हणजे टोपीसाठीच्या बारीक नळीवर, टोपी. लढाईत घाई व्हावी म्हणून सैनिकांना दारू आणि गोळी एकत्र गुंडाळलेली कागदी काडतुसे देत. गोळी सैल राहिली किंवा टोपी नीट बसली नाही तर एका घराची आग शेजारच्या घरांत शिरे आणि हातातच दोन-तीन बार एकदम उडत. फुटलेल्या टोपीचे तुकडे घोड्याच्या फटीत पडून यंत्र अडकणे तर नित्याचेच.

त्या टोपीने आणखी एक गोष्ट मागे ठेवली. तिच्यातल्या द्रव्यांचे क्षार आणि काळ्या दारूची राख हवेतली ओल ओढून घेतात. शिपायाने त्याच रात्री गरम पाण्याने सिलिंडर धुतला नाही तर सकाळपर्यंत तांबेरा धरे. म्हणून निपलांभोवती खोल खड्डे पडलेले रिव्हॉल्व्हर खरोखर चाललेले असते, आणि निपलांभोवती आरशासारखे स्वच्छ असलेले एक तर पेटीतच राहिलेले किंवा कोणी तरी नंतर घासून बदललेले. संग्राहकाला या दोन शक्यतांमधला फरक ओळखता आला पाहिजे.

आता सॅम्युएल कोल्टकडे येऊ. १८३५ मध्ये इंग्लंडात आणि २५ फेब्रुवारी १८३६ रोजी अमेरिकेत त्याने पेटंट घेतले, तेव्हा तो पंचविशीतही पोचला नव्हता. न्यू जर्सीतल्या पॅटर्सन गावी कारखाना काढला आणि १८४२ मध्ये तो बुडाला. सैन्याला ते नाजूक यंत्र पटले नव्हते. पण टेक्सासने, तेव्हा ते स्वतंत्र प्रजासत्ताक होते, आपल्या आरमारासाठी काही पॅटर्सन रिव्हॉल्व्हर घेतली होती आणि ती पुढे टेक्सास रेंजर्स या घोडदळाच्या हाती पडली. जून १८४४ मध्ये जॅक हेज याच्या लहानशा तुकडीने त्याच्यापेक्षा कितीतरी मोठ्या कोमान्ची टोळीशी घोड्यावरून लढत दिली. कोमान्ची योद्धा एक बार ठासेपर्यंतच्या वेळात अनेक बाण सोडू शकत असे. त्या दिवशी प्रथमच समोरच्याला पुन्हा ठासावे लागले नाही. ज्यांची भूमी होती त्यांच्या दृष्टीने त्या दिवसाचा अर्थ काय होता, हे रिव्हॉल्व्हरच्या गौरवग्रंथांत शोधावे लागते.

त्या लढतीतला एक जण सॅम्युएल वॉकर. मेक्सिकोशी युद्ध पेटल्यावर १८४६च्या नोव्हेंबरात त्याने कोल्टला पत्र लिहिले. दोघांनी मिळून आराखडा बदलला: पाचाऐवजी सहा बार, .४४ इंचाचे तोंड, चापाला संरक्षक कडी, नळीखाली तरफ. जानेवारी १८४७ मध्ये सरकारने १००० नगांची मागणी नोंदवली. कोल्टकडे तेव्हा कारखानाच नव्हता, म्हणून कनेक्टिकटमधल्या व्हिटनीव्हिल इथे, कापसाच्या जिनचा संशोधक म्हणून प्रसिद्ध असलेल्या एली व्हिटनीच्या मुलाच्या कारखान्यात ती बनली. सैन्यासाठी १००० आणि खासगी विक्रीसाठी १००. दोन किलोंहून जड, नऊ इंची नळीचे हे धूड कमरेला लावायचे नव्हतेच. ते खोगिराच्या दोन बाजूंना लटके. घरात दारू इतकी मावे की काही सिलिंडर फाटलेही. लष्करी नगांवर ए पासून ई पर्यंत तुकडीचे अक्षर ठोकलेले असते. वॉकरला त्याच्या नावाची जोडी मिळाली आणि थोड्याच दिवसांत, ९ ऑक्टोबर १८४७ रोजी, हुआमान्त्लाच्या लढाईत तो मारला गेला.

आज ११०० वॉकरपैकी फार थोडी शिल्लक आहेत आणि बाजारात त्यांच्याइतका भाव क्वचितच कुणाला येतो. एका डेन्मार्कच्या जहाज-कप्तानाने विकत घेतलेले, मूळ पेटीसह टिकलेले खासगी वॉकर २०१८ मध्ये अमेरिकेतल्या लिलावात १८ लाख ४० हजार डॉलरला गेले. ते इतके महाग गेले कारण ते लढाईवर गेले नव्हते. लष्करी वॉकर बहुतेक सगळी झिजलेली, ठोके बसलेली, भाग बदललेली आहेत. मला विचाराल तर तुकडीचे अक्षर असलेले, गंजाने काळवंडलेले वॉकर जास्त मोलाचे. त्याने काही तरी पाहिले आहे. पण बाजार चकाकीला पैसे देतो, आणि या छंदातला अर्धा खोटेपणा त्याच एका कारणातून जन्मतो.

१८५१ मध्ये लंडनच्या हाइड पार्कमध्ये महाप्रदर्शन भरले. कोल्टने तिथे आपली रिव्हॉल्व्हर मांडली आणि त्याच छताखाली रॉबर्ट अॅडम्स या इंग्रज कारागिराने आपले. दोघांच्या तत्त्वांत मूळचाच फरक होता. कोल्टमध्ये दर बाराला अंगठ्याने घोडा ओढायचा, मग चाप. अॅडम्समध्ये नुसता चाप ओढला की घोडा आपोआप उठे आणि पडे. कोल्टची चौकट वरून उघडी, नळी एका पाचरीने जोडलेली. अॅडम्सची चौकट आणि नळी एकाच लोखंडातून घडवलेली. कोल्ट नेमके लागे, अॅडम्स झटपट चाले आणि मोठी गोळी टाके. क्रिमियात इंकरमनच्या लढाईत एका अधिकाऱ्याला चार रशियनांनी घेरले आणि दर वेळी घोडा ओढावा लागला असता तर आपण जगलो नसतो, असे त्याने अॅडम्सला कळवले. १८५६ मध्ये रॉयल इंजिनिअर्सच्या लेफ्टनंट बोमाँटने दोन्ही पद्धती एका यंत्रात आणल्या. ते बोमाँट-अॅडम्स ब्रिटिश सैन्याने स्वीकारले. कोल्टने लंडनमध्ये पिम्लिकोला काढलेला कारखाना त्याच सुमारास बंद पडला.

पुढच्याच वर्षी भारतात १८५७चा उठाव झाला आणि ही सगळी हत्यारे इथे पोचली. ब्रिटिश अधिकारी आपले पिस्तूल स्वतःच्या पैशाने घेत, त्यामुळे एकाच पलटणीत कोल्ट, अॅडम्स, ट्रँटर असे सगळे प्रकार दिसत. त्या उठावातली एक हकीकत जॉर्ज फॉस्बेरी या अधिकाऱ्याने पुढे सांगितली आणि शस्त्रांच्या पुस्तकांत ती वारंवार येते. एका अधिकाऱ्याजवळ लहान तोंडाचे कोल्ट नेव्ही होते. तलवार घेऊन चालून येणाऱ्या शिपायावर त्याने सहाही बार झाडले. पाच गोळ्या छातीच्या खालच्या भागातून आरपार गेल्या. तरी शिपाई पोचला, त्याने अधिकाऱ्याचे डोके दातांपर्यंत चिरले आणि मग शेजारीच कोसळून मेला. सांगणाऱ्याचा मुद्दा एवढाच की लष्करी पिस्तुलाची गोळी मोठी हवी. हकीकतीत पिस्तुलाचा प्रकार आहे, गोळीचे वजन आहे, जखमांची जागाही आहे. पाच गोळ्या अंगावर घेऊन चालत राहिलेल्या त्या माणसाचे नाव मात्र कोणी विचारले नाही. भारतीय वाचकाने ही हकीकत वाचताना ते नाव नसल्याची नोंद आपल्या मनाशी करायलाच हवी.

कलकत्त्यात आर. बी. रॉडा आणि मँटन या पेढ्या अशी हत्यारे विकत, आणि त्यांचे नाव कोरलेली रिव्हॉल्व्हर आजही परदेशी लिलावांत येतात. याच रॉडा कंपनीची माउझर पिस्तुले २६ ऑगस्ट १९१४ रोजी बंगालच्या क्रांतिकारकांनी कलकत्त्यात भर दिवसा पळवली. साहेबांना रिव्हॉल्व्हर विकणारी ही पेढी अशा रीतीने आपल्या स्वातंत्र्याच्या इतिहासातही येऊन बसली.

लष्करी पर्कशन रिव्हॉल्व्हरचा खरा पूर आला तो अमेरिकेच्या यादवी युद्धात. १८६० साली कोल्टने 'आर्मी' मॉडेल काढले: .४४चे तोंड, आठ इंची नळी, वजन सव्वा किलोच्या आतबाहेर. वॉकरइतकेच तोंड, पण कमरेला लावता येण्याजोगे. १८७३पर्यंत असे सुमारे दोन लाख नग बनले आणि त्यांतले सव्वा लाखाहून अधिक उत्तरेच्या सरकारने घेतले. सिलिंडरवर ऑर्म्सबी या नोटांच्या कोरणीकाराने केलेले आरमारी लढाईचे चित्र आहे, आणि खाली तारीख: १६ मे १८४३. टेक्सासच्या आरमाराची मेक्सिकोशी झालेली लढाई ती. बुडत्या कोल्टला ज्यांनी मागणी दिली त्यांची आठवण. हे चित्र इतके उथळ कोरलेले असते की म्यानात घासून पहिल्यांदा तेच जाते. ते स्पष्ट दिसले की संग्राहकाचा श्वास रोखला जातो.

१८६० आर्मीवर एकच क्रमांक अनेक ठिकाणी ठोकलेला असतो: नळीच्या बुंध्यावर, चौकटीवर, चापाच्या कडीवर, मुठीच्या पट्टीवर, सिलिंडरवर, पाचरीवरसुद्धा. कोल्टचा कारखाना यंत्रयुगाची शाळा म्हणून गाजला आणि सुट्या भागांची अदलाबदल ही त्याची कीर्ती. प्रत्यक्षात यंत्रातून निघालेले भाग कारागीर कानशीने एकमेकांना बसवत, मग ते कडक करायला पाठवत. परत आल्यावर कुठला भाग कुणाचा हे कळावे म्हणून क्रमांक. म्हणजे आज संग्राहक ज्या 'सगळे नंबर जुळतात' या वाक्यासाठी दुप्पट पैसे मोजतो, ते वाक्य त्या कानशीने शक्य केले आहे. युद्धात छावणीतला लोहार पाच मोडक्यांतून तीन चालती करी, तेव्हा नंबर कसे जुळणार? न जुळणारे लष्करी रिव्हॉल्व्हर म्हणूनच टाकाऊ नव्हे. युद्धकाळातच बदललेला भाग आणि गेल्या वीस वर्षांत विक्रीसाठी बसवलेला भाग, यांच्यावरची झीज सारखी नसते. ती वाचायला शिकावे लागते.

रेमिंग्टनची गंमत वेगळी आहे. त्याच्या नळीवर १८५८च्या पेटंटची तारीख आहे, म्हणून जो तो त्याला '१८५८चे रेमिंग्टन' म्हणतो. प्रत्यक्षात सैन्याने घेतलेले 'न्यू मॉडेल आर्मी' १८६३ पासूनचे. कोल्टने सरकारला सुरुवातीला नगामागे २५ डॉलर लावले होते; रेमिंग्टन त्याच्या जवळपास निम्म्यात देई आणि त्याची चौकट वरून बंद असल्याने जास्त मजबूत. फेब्रुवारी १८६४ मध्ये हार्टफर्डच्या कोल्ट कारखान्याला मोठी आग लागली आणि सैन्याची भिस्त रेमिंग्टनवर आली. कोल्ट स्वतः त्याआधी दोन वर्षे वारला होता. त्याची पत्नी एलिझाबेथ हिने कारखाना पुन्हा उभारला आणि तिने जपलेला संग्रह १९०५ मध्ये हार्टफर्डच्या वॉड्सवर्थ अॅथिनियम संग्रहालयाला मिळाला. तो आजही तिथे आहे.

दक्षिणेकडे लोखंड कमी, यंत्रे कमी, कुशल हातही कमी. जॉर्जियातल्या ग्रिसवोल्डव्हिल इथे कापसाचे जिन बनवणाऱ्या सॅम्युएल ग्रिसवोल्डने आपला कारखाना बदलून १८६२ पासून कोल्ट नेव्हीच्या नकला काढल्या. पोलाद वाचावे म्हणून चौकट पितळेची. साधारण ३७०० नग झाले, आणि ते घडवणारे बहुतेक कारागीर गुलाम होते. ज्यांना विकत घेतले होते त्यांनीच, आपल्याला गुलाम ठेवण्यासाठी लढणाऱ्या सैन्याची हत्यारे बनवली. नोव्हेंबर १८६४ मध्ये उत्तरेचा सेनानी शर्मन याच्या घोडदळाने तो कारखाना जाळला. आज ग्रिसवोल्डचे खरे रिव्हॉल्व्हर सापडले तर त्याची किंमत साध्या कोल्टच्या अनेक पट होते. सापडलेल्या नगांचे क्रमांक, त्यांच्या गुप्त खुणा ग्रंथांत नोंदलेल्या आहेत. कारागिरांची नावे मात्र त्या यादीत नाहीत. हे हत्यार संग्रहात ठेवणाऱ्याने त्याच्या चिठ्ठीवर 'गुलामांच्या हातचे' हे लिहिलेच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते न लिहिता नुसते 'दुर्मीळ' म्हणणे ही अर्धी माहिती झाली.

या दुर्मीळतेवरच नकला पोसल्या गेल्या. १९५०च्या दशकाच्या अखेरीस, यादवी युद्धाची शताब्दी जवळ आली तेव्हा, इटलीतल्या गार्दोने व्हाल त्रोम्पिया परिसरातल्या बंदूककारांनी अमेरिकन व्यापाऱ्यांसाठी कोल्ट नेव्ही आणि पितळी चौकटीच्या दक्षिणी रिव्हॉल्व्हरच्या प्रतिकृती बनवायला घेतल्या. प्रतिकृती म्हणून त्या चांगल्याच आहेत. लबाडी पुढे झाली. इटालियन चाचणीचे शिक्के घासून काढायचे, आम्लाने निळाई उतरवायची, थोडा गंज चढवायचा, खोटा क्रमांक ठोकायचा आणि आजोबांच्या माळ्यावर सापडले म्हणून विकायचे. ओळख पटते ती शिक्का घासलेल्या जागी पडलेल्या सूक्ष्म खळग्यावरून, अक्षरांच्या वळणावरून, आणि गंज कडांवर जास्त की सपाटीवर जास्त यावरून. हाताच्या वापराने कडा आधी झिजतात; आम्ल सगळीकडे सारखे खाते.

मला मात्र लबाडापेक्षा हौशी माणसाची भीती जास्त वाटते. लबाड एखादे रिव्हॉल्व्हर खोटे बनवतो. हौशी माणूस खरे रिव्हॉल्व्हर कायमचे पुसून टाकतो. पॉलिश पेपर, तारेचा ब्रश, बाजारातले निळे करायचे रसायन, एक रविवार, आणि दीडशे वर्षांचा तपकिरी थर, तपासनिसांची बारीक अक्षरे, सिलिंडरवरचे चित्र सगळे गेले. तो थर परत येत नाही. जाणते संग्राहक हातमोजे घालून हाताळतात, सक्रिय गंज तेवढा तेलाने मऊ करून काढतात, वर संग्रहालयात वापरतात तसले मेण पातळ लावतात आणि थांबतात. स्क्रूची खाचसुद्धा चुकीच्या पेचकसाने फाटली तर किंमत आणि इतिहास दोन्ही जातात.

धातूच्या काडतुसाने हे युग संपवले, तेही पेटंटच्या भांडणानंतर. रॉलिन व्हाइट याच्या १८५५च्या पेटंटमुळे मागून आरपार भोक असलेला सिलिंडर अमेरिकेत फक्त स्मिथ अँड वेसनला बनवता येई. १८६९ मध्ये ते पेटंट संपले आणि कोल्टने आपली जुनी आर्मी रिव्हॉल्व्हर कापून काडतुसासाठी बदलली. ही बदललेली रिव्हॉल्व्हर एके काळी संग्राहक बाटलेली समजत; आता त्यांचा स्वतंत्र अभ्यास होतो. ते योग्यच आहे.

आपल्याकडे या छंदाची वाट कायद्यातून जाते. अमेरिकेत १८९८पर्यंतची हत्यारे पुरातन धरून संग्राहकाला मोकळीक आहे. भारतात १८५७ नंतर आणि मग १८७८च्या कायद्याने सामान्य माणसाच्या घरातले हत्यार काढून घेतले गेले. आजचा १९५९चा शस्त्र कायदा जुन्या बनावटीच्या किंवा पुरातन मूल्याच्या हत्याराला तेव्हाच सूट देतो, जेव्हा ते दुरुस्त करूनही चालवता येणार नाही. चालणारे असेल तर ते कितीही जुने असो, परवाना लागतो. शंभर वर्षांवरची वस्तू १९७२च्या पुरावस्तू कायद्याखाली येते आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही.

वाड्याच्या कडीपाटात, जुन्या पेटाऱ्यात, सासरच्या माळ्यावर असे काही हाती लागले, तर पहिली गोष्ट: ते भरलेले आहे असेच समजा. काळी दारू कोरडी राहिली तर दीडशे वर्षांनीही पेटते, आणि रिव्हॉल्व्हर भरलेले आहे की नाही हे नळीत डोकावून कळत नाही. गोळ्या सिलिंडरच्या घरांत असतात. चाप किंवा घोड्याला हात लावू नका. घासू नका, तेल ओतू नका, भंगारात देऊ नका. पोलिसांच्या परवाना शाखेला लेखी कळवा आणि ते संग्रहालयाकडे सुरक्षित कसे पोचेल ते विचारा. आणि त्याआधी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ बसून ते कोणाचे होते, कुठून आले, कोणावर उगारले गेले, हे नावानिशी लिहून घ्या. हत्याराचा क्रमांक लोखंडावर राहील. ती नावे आजच लिहिली नाहीत तर कुठेच राहणार नाहीत.